चोट्टीची सावली

मला भाषणांचा राग आहे, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सभेतलं भाषण चालतं. तिथे माणूस भाषण ऐकायलाच जातो आणि कंटाळा आला तर उठून चालू लागतो. पण गोष्ट सांगतो म्हणून बोलवायचं, सतरंजीवर बसवायचं, पोरगी विहिरीत उडी मारते तिथपर्यंत आणून सोडायचं आणि मग घसा खाकरून समाजाला उपदेश करायचा, याला मी सरळ सरळ फसवणूक म्हणते. हा राग मला कुणा विद्वानाने शिकवला नाही. अमरावतीला राजापेठेच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांत, तेराव्या वर्षी तो माझ्या डोक्यात गेला आणि अजून बाहेर आलेला नाही.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी बाबा आम्हाला गावाहून अमरावतीला घेऊन आले. ते रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगवर होते, रोज सायकलने बडनेऱ्याला जायचे. त्यांना सहीपुरतं लिहिता येई, आणि वाचन म्हणाल तर स्टेशनांच्या पाट्या. बिऱ्हाड लागलं त्या दिवशीच त्यांनी हुकूम सोडला, "आता या घरात कोनी अंगठा उठवनार नाई." मी शाळेत जातच होते. म्हणजे हुकूम होता तो मायसाठी, आणि मायला शिकवायचं काम आलं माझ्यावर. माय पाटी घेऊन बसायची, पण तिचं लक्ष चुलीकडे. "मले या वयात काय कलेक्टर होयाचं हाये?" असं म्हणून ती 'क'च्या पोटात रेघ ओढायची आणि उठायची. सहा महिन्यांत आम्ही 'ग'पर्यंत पोचलो होतो.

माय लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. दुपारी आमच्या ओट्यावर चार-पाच बाया आपापली शिवण घेऊन जमायच्या. शेजारची खाला यायची. तिच्याकडे शिलाईचं मशीन होतं, तिला उर्दू वाचता येई, मराठी अक्षर मात्र नाही, आणि आमच्याशी ती अर्धी हिंदीत, अर्धी वऱ्हाडीत बोलायची. हात गुंतलेले, कान रिकामे, म्हणून शाळा सुटली की मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं, अशी रीतच पडून गेली होती. दिवसाचं वाचन जिथे थांबे तिथे माय गोधडीचा लाल दोरा तोडून पानात घालायची.

पुस्तकं मी राजापेठेतल्या पुस्तकवाल्या काकांच्या दुकानातून किरायाने आणायची. एकदा त्यांनी एका जादूच्या कादंबरीचा पहिला भाग दिला. लेखक आपल्या इकडचेच, अकोल्याचे. एकूण पाच भाग होते. मी ओट्यावर पहिलं पान उघडलं आणि त्या दिवशी कुणाचीच शिवण पुढे सरकली नाही.

काय गोष्ट होती ती! एका काळ्या तळ्याखाली एक शहर. तिथला जादूगार लोकांच्या सावल्या कात्रीने कापून लोखंडी पेट्यांत बंद करायचा. ज्याची सावली गेली तो माणूस समोर उभा असला तरी कुणाला दिसेना. बाजारात त्याला कुणी सौदा देईना, त्याच्या हाकेला कुणी ओ देईना. आणि एक पोरगी, जिची सावली पाळण्यात असतानाच कापली होती. कुणाला दिसतच नाही, तर मग कुलपाची काय भीती? ती भिंतीवरून चढायची, पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली काढायची, आणि आता तिला चोरायची होती स्वतःचीच सावली. लेखकाने तिला मोठं लांबलचक नाव दिलं होतं. आमच्या बाया तिला चोट्टी म्हणायच्या. "आली वं आपली चोट्टी," असं म्हणून सगळ्या सावरून बसायच्या.

मायचा तर तिच्यावर जीवच जडला. एकदा मी विचारलं, "माय, तुले ते इतकी काहून आवडते?"

माय सुईत दोरा ओवत म्हणाली, "माह्या मायले गावातले लोक म्हनत, 'सावली आवरून चाल वं.' तिची सावली कोनावर पडू नये म्हून ते वाकून चाले. अन् हे पोट्टी पाह्य, सावली पायजे म्हून पेट्या फोडून राह्यली." मग म्हणाली, "आयक. चोट्टीले सावली भेटन ते पान तू वाचाचं नाई. ते पान माहं. ते मी वाचीन."

त्या दिवसापासून तिचं शिकणं पळतच सुटलं. भाकरी थापताना परातीतल्या पिठावर ती अक्षरं काढायची. चौथा भाग संपेपर्यंत तिने जोडाक्षरं धरली. वाचताना ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, ओठ हलवायची आणि शब्द पुरा झाला की माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढे. माझ्या मानेवरच तिचं सगळं वाचन चालायचं, हे लक्षात ठेवा.

पाचवा भाग, शेवटचा, काकांच्या हातून मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. घरी जायचाही धीर नव्हता. दुकानाच्या पायरीवर बसून वाचायला लागले.

पहिल्याच प्रकरणात चोट्टीला वडाखाली एक महात्मा भेटला. मला वाटलं, हा पेटीची जागा सांगणार. कसलं काय! तो बोलायला लागला तो थांबेचना. अकरा पानं. मी मोजली. खेडं हाच स्वर्ग, शहर म्हणजे राक्षसाचं जाळं, यंत्र म्हणजे त्याचा दात. पूर्वी गावात कसं सगळे आपापलं काम करून आनंदात होते, कुणी कुणाचा हेवा करत नव्हतं. तेव्हा हे सज्जनहो, परत गावाकडे चला, आणि ज्याच्या वाट्याला जे काम आलं ते त्याने हसतमुखाने करा. अगं बाई! वडाखाली ही एकटी पोरगी उभी, आणि हे म्हणे 'सज्जनहो'!

मी पानं उलटत सुटले. जादूगार कुठे गेला? गेला. महात्म्याचं ऐकून त्याचं मन पालटलं आणि तो सूत कातायला बसला. पेट्या? त्यांचा पुढे उल्लेखच नाही. आणि चोट्टी? चोट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, 'सावलीचा हट्ट हा माझा अहंकार होता' असं ती म्हणाली, आणि तिने खराटा हातात घेतला. शेवटच्या पानावर ती आश्रमाचं अंगण झाडते आणि हसते. समाप्त.

माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की पुस्तक नालीत फेकावंसं वाटलं. माझी आजी गावात आयुष्यभर तेच करत आली होती, दुसऱ्याची अंगणं झाडत. तिला कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालं होतं. उपदेशाचा मोती एवढा जड की गोष्टीचं नाक फाटून गेलं. पण खरी भीती वेगळीच होती. मायचं पान या पुस्तकात नव्हतंच. ज्या पानासाठी ती वर्षभर पिठात अक्षरं काढत होती, ते पान लेखकाने लिहिलंच नव्हतं.

ओट्यावर बाया वाट बघत होत्या. मी पुस्तक उघडलं, अक्षरांवर नजर ठेवली आणि तोंडाने भलतंच सांगायला लागले. माझ्या चोट्टीला वडाखाली महात्मा भेटलाच नाही. तिला एक मनोरा दिसला, सात मजल्यांचा, आणि सावल्यांच्या पेट्या सातव्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर लोखंडी वटवाघळं. दुसऱ्या मजल्यावर आवाज गिळणारी भिंत. मी बरोबर वेळेवर पान उलटायची, मध्ये अडखळायचीही. बाया खूश. खाला म्हणाली, "या अल्लाह, इस लड़की का कलेजा देखो," आणि ती हे चोट्टीला म्हणाली, पण फुगले मी.

दर दिवशी एक मजला. मी ठरवलं होतं, सातव्या मजल्यापर्यंत जायचंच नाही. कारण सातव्या मजल्यावर मायचं पान होतं, आणि तिने पुस्तक हातात घेतलं की माझं बिंग फुटणार. पाचव्या मजल्यावर आल्यावर मी मनोऱ्याला आणखी तीन मजले चढवले. चोराच्या मनात चांदणं. माय पुस्तकाकडे नुसती बघायची तरी मी ते झटकन मिटून मांडीखाली घ्यायची.

आणि एक दिवस मी शाळेतून आले तर पाटी दिसेना. शोधली तर फळीवर, पितळी डब्यांच्या मागे, पालथी. मायला म्हटलं, "माय, चाल, बस." ती म्हणाली, "नाई."

"काहून?"

"मले नाई येत, बस. तू उगाच मान हालवून राह्यली वर्षभर. माहं मन राखून राह्यली."

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. परातीतलं पीठ नुसतं पीठ. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "माह्या डोक्यात नाई जात, झालं." मी बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती भांडी घासत राहायची.

शेवटी खालाने मला तिच्या दारात बोलावून घेतलं. "बेटी, तेरी माँ मंगल को दोपहर में किताब ले के बैठी थी. तू स्कूल में थी. उंगली रख रख के पढ़ रही थी, जहाँ लाल धागा है वहीं से. फिर उसने किताब बंद की और बहोत देर रोई. क्या लिखा है उसमें?"

मी सगळं समजले. मायला धीर धरवला नव्हता. मनोऱ्यात पुढे काय झालं ते स्वतः वाचून बघावं म्हणून तिने दोरा घातलेलं पान उघडलं. तिथे मनोरा नव्हता, वटवाघळं नव्हती. ऐकलेलं एक अक्षरही त्या पानात नव्हतं. आणि माझ्या भाबड्या मायने पोरीला खोटं ठरवलं नाही, छापलेल्या पुस्तकालाही खोटं ठरवलं नाही. तिने ठरवलं, आपल्यालाच वाचता येत नाही.

लाज वाटली म्हणजे किती वाटली! पण रडत बसण्यासारखी स्थिती नव्हती. मी ठरवलं, मार पडू दे, बायांत फजिती होऊ दे, ही पाटी मी फळीवरून खाली आणणार. त्याच संध्याकाळी मी मायसमोर उभी राहिले आणि सगळं कबूल केलं. मनोरा माझा, वटवाघळं माझी, पुस्तकात नुसतं भाषण आहे, आणि तू वाचलंस ते बरोबर वाचलंस.

माय ऐकून घेत होती. मग म्हणाली, "झालं? आता हे बी माहं मन राखासाठीच."

"नाई वं माय, तुही आन!"

"म्या वाचलं त्याच्यात लिहेल होतं, सावली असली काय अन् नसली काय, सारकंच. चोट्टी असं कशी बोलन? सांग. जे पोट्टी चार भाग सावलीसाठी मरून राह्यली, ते असं बोलन? म्हंजे म्याच वाकडं वाचलं."

मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्या बायांसमोर खरं पुस्तक वाचायला घेतलं. पहिल्यापासून, एक अक्षर न गाळता. तिसऱ्या पानावर एक बाई जांभई देऊन म्हणाली, "हे काय लावलं वं? कोन मेलं?" पाचव्या पानावर खाला म्हणाली, "ये तो तक़रीर है. क़िस्सा किधर गया?" आठव्या पानावर दोघी भाकरीचं निमित्त काढून उठल्या. मी अकरा पानं पुरी केली आणि मायकडे बघितलं.

माय म्हणाली, "ज्या पोट्टीले दहा मजल्याचा मनोरा मनानं बांधता येते, तिले अकरा पानाचं भाषन बांधता येत नाई काय?"

खोटं बोलणाऱ्याला शिक्षा काय असते ती त्या दिवशी कळली. मी म्हटलं, चल पुस्तकवाल्या काकांना विचार. माय म्हणाली, तू तर त्याच्या पायरीवरच पडेल असते, तो तुह्याच बाजूनं बोलन. मग शाळेतल्या बाईंना विचार, मी म्हटलं. त्या तुले हुशार म्हनते, त्या बी तुह्याच. मग माझाही पारा चढला. मी पुस्तक पालथं केलं आणि तिच्यासमोर धरलं. मागच्या पुठ्ठ्यावर लेखकाचा पत्ता छापला होता, जठारपेठ, अकोला. "मंग ज्यानं लिहिलं त्यालेच पूस!" मी ओरडले.

मायने पुस्तक माझ्या हातून घेतलं. "पुसतो," ती म्हणाली.

मामा अकोल्याला जुन्या शहरात राहायचा, त्याच्याकडे बारसं होतं. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी गेलो. बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायने धुतलेलं लुगडं नेसलं, पुस्तक फडक्यात बांधलं आणि आम्ही मोर्णा नदीचा पूल ओलांडून चालत जठारपेठेत गेलो. विचारत विचारत घर सापडलं. मला वाटत होतं, दारातूनच हाकलतील आणि पाटी कायमची फळीवर जाईल.

हाकललं नाही. म्हातारे गृहस्थ होते, पांढरे केस, खादीचा सदरा; गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. वाचक आलेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी आम्हाला घरात बसवलं, आम्ही कुठले, कोण, सगळं विचारलं, आणि स्वतः आत जाऊन तांब्या-फुलपात्र घेऊन आले. आम्ही पाणी प्यायलो आणि उरलेलं त्याच फुलपात्रातून ते प्यायले. मायने ते पाहिलं, मीही पाहिलं. त्या काळी हे करणारी माणसं किती होती ते आम्हाला ठाऊक होतं. या बाबतीत मी त्यांना कधीच कमी लेखणार नाही.

"काय काम काढलंत बाई?" त्यांनी विचारलं.

मायने फडकं सोडलं. लाल दोऱ्याचं पान काढलं. "मी वाचतो," ती म्हणाली, "तुमी आयका."

आणि तिने बोट ठेवलं. "जो... म... नु... ष्य... मनुष्य." इतकी सावकाश की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मध्ये ऐकू यायची. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शब्द पुरा झाला की ती गुरुजींकडे बघायची. पहिली दोन वाक्यं ते कौतुकाने मान डोलवत होते. मग त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. मग ते आपल्याच पुस्तकाकडे असं बघायला लागले, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. माय थांबली नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. पानाच्या शेवटी ती त्या वाक्यापाशी पोचली. "जो मनुष्य आपल्या कर्मात समाधान मानतो, त्याला सावली असली काय अन् नसली काय, सारखेच."

तिने बोट उचललं. "म्या बरोबर वाचलं काय?"

"एक अक्षर चुकलं नाही बाई तुमचं," ते म्हणाले.

माय माझ्याकडे वळली. वर्षभरात मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. "मले वाचता येते," ती म्हणाली. मला रडूच फुटलं. गुरुजींना बिचाऱ्यांना काही कळेना. मग मीच सगळं सांगितलं, मनोरा, खोटं वाचन, पाटी, सगळं. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

"पण बाई," ते म्हणाले, "तुम्हाला पाचवा भाग नाहीच आवडला?"

"पह्यले चार जीव लावून आयकले. याच्यात जीव नाई."

"असं कसं? खरं जे सांगायचं होतं ते यातच आहे. आधीचे चार भाग म्हणजे वरची साखर होती. औषध कडू असतं, म्हणून साखरेतून द्यावं लागतं."

मायने पुस्तक मिटलं. "भाऊ, आमी बिमार हावो, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मायचा आवाज चढलेला नव्हता. पाणी दिलेल्या माणसाशी ती तशी बोललीच नसती. "तुमचं गाव चांगलं असन. आमच्या गावात विहिरीवर आमाले चढू देत नोते. आमी तिथून निंगून आलो. अन् तुमी चोट्टीले तिथंच नेऊन घातलं. वरून खराटा देल्ला. पोरगी हसते म्हने."

म्हाताऱ्या गुरुजींनी दोनदा चष्मा पुसला. ते वाईट नव्हते हो. त्यांना खरंच वाटत होतं की आपण जगाचं भलं करतो आहोत, आणि म्हणूनच चोट्टीला विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. आम्ही उठलो. दारापर्यंत ते सोडायला आले, आणि तिथे मला हळूच म्हणाले, "त्या तुझ्या मनोऱ्यात... मिळते का गं तिला सावली?"

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "भेटन. हिच्या हातात आता लेखनी देनार हावो."

परतीच्या गाडीत तिने मला बजावलं. आता तोंडाने एक शब्द सांगायचा नाही. "तुह्या तोंडावर माहा भरोसा नाई. तू लिहून काढ. मी वाचतो." मी वह्या आणल्या आणि लिहायला लागले. दहा मजले उगाच बांधून ठेवले होते, ते सगळे चढावे लागले. लिहिलेलं रोज ओट्यावर माय वाचायची. अडखळायची, बाया थांबायच्या. खाला म्हणायची, "आराम से. चोट्टी कहाँ भाग रही है?"

शेवटचं पान मी कुणाला न दाखवता तिच्या हातात दिलं. पेटी उघडली. सावली बाहेर आली आणि चोट्टीच्या पायाशी बसली. चोट्टी म्हणाली, चल, बाजारात जाऊ. एवढंच होतं. माय वाचत होती आणि कुणाची सुई हलत नव्हती. वाचून झाल्यावर खाला म्हणाली, "फिर से पढ़." मायने पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी ती एकदाही अडखळली नाही.

इथे थांबता आलं असतं, पण मग माझीच लबाडी झाकली जाईल. पुढे मी शिकले आणि अकोल्यालाच शाळेत मास्तरीण झाले. विशी ओलांडलेली, डोकं विचारांनी तापलेलं. तेव्हा मी एक मोठी कादंबरी लिहिली. तीच चोट्टी, आता मोठी झालेली, आणि पुन्हा तेच तळ्याखालचं शहर. या वेळी मी तिला चौकात उभी केली आणि तिच्या तोंडून सगळं बोलवून घेतलं. शिक्षण, हक्क, समता, कुणी आमच्यावर काय अन्याय केले त्याची पुरी यादी. मला वाटलं, हे वाचून अमरावती पेटेल. सुटीत घरी जाऊन मी ते बाड मायला दिलं.

माय आता बोट न ठेवता वाचायची, चष्मा लावून. दोन दिवस ती वाचत होती. तिसऱ्या दिवशी बाड माझ्या बिछान्यावर ठेवलेलं दिसलं. मध्ये लाल दोरा.

मी पान उघडलं. चौकातल्या भाषणाचं पहिलं पान. मोजली, चौदा पानं होती. म्हाताऱ्या गुरुजींपेक्षा तीन जास्त. माझा असा संताप झाला! मी तरातरा चुलीपाशी गेले. "काय चुकलं याच्यात? खोटं हाये काय हे? तुले पटत नाई?"

"सारं खरं हाये," माय भाकरी उलटत म्हणाली. "एकूनेक शबद मले पटते. माह्याच मनातलं हाये."

"मंग दोरा काहून घातला?"

तिने भाकरी तव्यावरून काढली, मला पाट दिला आणि ताट पुढे सरकवलं.

"इतके पानं चोट्टी कुठी गेली होती?" ती म्हणाली. "जेव, अन् जा, शोधून आन तिले. मी थांबतो."